गोंगाट कशाला म्हणावें

कोणत्याहि नव्या विद्येच्या दाराशीं गेलें कीं तिचे शब्द प्रथम उंबरठ्यावर आडवे येतात. सोनाराच्या पेढीवर किंवा कोर्टाच्या आवारांत पहिल्यानें पाऊल ठेवणारा मनुष्य जसा बावरतो, तसाच संगणकावर ध्वनीचें संपादन करूं पाहणारा मनुष्यहि पहिल्या दिवशीं बावरल्यावांचून राहत नाहीं. ट्रॅक, क्लिप, गेन, फेड, नॉर्मलाइझ, कॉम्प्रेसर अशा नांवांची रांगच त्याच्यापुढें उभी राहते, आणि यांतील प्रत्येकाची ओळख पटविल्यावांचून आपल्याला आंत प्रवेश नाहीं असें त्याला वाटूं लागतें. थोडा सहवास घडला म्हणजे मात्र ध्यानांत येतें कीं, हीं नांवें फार तर शिंप्याच्या कात्री-दोऱ्यासारखीं आहेत. त्यांचें काम साधें आणि तें चार दिवसांत हाताला बसतें. खरी अडचण येते ती एकाच शब्दाशीं, आणि तो शब्द दिसावयास सर्वांत सोपा असतो. तो शब्द म्हणजे 'नॉइज'. आपल्या भाषेंत गोंगाट.

माझा या विद्येशीं संबंध आला तो आत्याच्या ओव्यांमुळें. आत्याचें वय चौऱ्यायशीं वर्षांचें. तिची नात अमेरिकेंत असते. तिला आजीच्या जात्यावरच्या ओव्या हव्या होत्या, आणि त्याहि अशा कीं शब्द न् शब्द कळावा, म्हणजे आपल्या मुलीला त्या शिकवितां येतील. गांवांत पिठाची गिरणी आल्यापासून आत्याचें जातें कोपऱ्यांत पडून होतें. लग्नकार्यांत हळद दळण्यापुरतें काय तें बाहेर निघे. म्हणून तिनें प्रथम नुसत्या बसूनच ओव्या म्हणावयास आरंभ केला. पण दुसऱ्याच ओवीला ती अडली. "हात फिरल्याशिवाय ओवी येत नाहीं रे बाबा," ती म्हणाली. तेव्हां तें जड जातें आम्हीं ओढून मधोमध मांडलें. खुंट्याला हात लागतांच ओव्या एकीमागून एक येऊं लागल्या. त्या दुपारीं चाळीस मिनिटांचें मुद्रण झालें. त्यांत ओव्या होत्या, जात्याची घरघर होती, परसांतला कावळा होता, आणि शेजारच्या घरांतील कुकरची एक शिट्टीहि होती. हा सारा ऐवज घेऊन मी संगणकापुढें बसलों.

मी वापरतों त्या साधनाचें नांव ऑडॅसिटी. अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅनेनबर्ग यांनीं 1999 सालीं त्याचा आरंभ केला आणि 2000 सालच्या मे महिन्यांत तें लोकांच्या हातीं दिलें. तें विनामूल्य मिळतें, आणि त्याची आंतली घडण कोणालाहि उघडून पाहतां येते. त्याच्या नांवाचा अर्थ धार्ष्ट्य असा आहे. आणि दुसऱ्याच्या आवाजावर कात्री चालवावयाची म्हणजे थोडें धार्ष्ट्य लागतेंच.

या साधनाचा पहिला चमत्कार हा कीं, त्यांत आवाज डोळ्यांना दिसतो. पडद्यावर डावीकडून उजवीकडे काळ जातो, आणि मधल्या आडव्या रेषेच्या वरखालीं आवाजाच्या जोराप्रमाणें एक आकृति फुगते किंवा ओसरते. अशा एका पट्टीला ट्रॅक म्हणतात. एकाखालीं एक असे अनेक ट्रॅक मांडतां येतात. एकांत गाणें, दुसऱ्यांत तंबोरा, तिसऱ्यांत निवेदन. ते सारे एकाच वेळीं वाजतात, पण प्रत्येकाला वेगळा हात लावतां येतो. दूर सरून पाहिलें तर चाळीस मिनिटें वीतभर रुंदींत मावतात. जवळ गेलें तर एका 'स'काराचा फुत्कार दाट गवतासारखा दिसूं लागतो, आणि 'आ'कार एकसारख्या लाटांच्या माळेसारखा. आणखी जवळ गेलें कीं रेषेचे ठिपके होतात. हे ठिपके म्हणजेच सँपल, अर्थात् आवाजाचे नमुने. यंत्र आवाज अखंड घेत नाहीं. दर सेकंदाला 44,100 वेळां त्याचें माप घेतें आणि तीं मापें आंकड्यांनीं लिहून ठेवतें. मनुष्याच्या कानाला फार तर सेकंदास 20,000 कंपनांपर्यंतचा स्वर ऐकूं येतो, आणि कोणतेंहि कंपन पुरतें पकडावयास त्याच्या दुपटीहून अधिक मापें लागतात. म्हणून आंकडा एवढा मोठा. 1982 सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कनें तो रूढ केला. प्रत्येक माप किती बारकाईनें लिहावयाचें, याला बिट-डेप्थ म्हणतात. 16 बिटांत 65,536 पायऱ्या होतात. तेव्हां संपादक ज्याला आवाज म्हणून हात लावतो, तो खरोखर आंकड्यांचा ढीग असतो. त्या ढिगाला आत्या ठाऊक नसते आणि जातेंहि ठाऊक नसतें, ही गोष्ट वाचकांनीं पुढील विवेचनासाठीं लक्षांत ठेवावी.

या पेटींतील सर्वांत जुनें हत्यार म्हणजे कात्री. 1902 सालीं फ्रेड गेसबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहर जान यांचें गाणें मुद्रित केलें, तेव्हां कात्रीला वावच नव्हता. मेणाच्या तबकडीवर जें उमटलें तें उमटलें. सुमारें तीन मिनिटांत सारी चीज आटपावयाची, आणि चुकलें तर नव्या तबकडीवर पुन्हां आरंभ. पुढें चुंबकीय फीत आली आणि नभोवाणीच्या लोकांच्या हातीं दाढीचें पातें आलें. फीत तिरपी कापावयाची, नको तो तुकडा काढावयाचा, आणि उरलेलीं टोकें चिकटपट्टीनें जोडावयाचीं. तो तुकडा खरोखरच जमिनीवर पडत असे, आणि दिवसाच्या शेवटीं तो केराबरोबर जात असे. संगणकावर कापलेला तुकडा कोठेंच पडत नाहीं. 'अन्डू' अशी आज्ञा दिली कीं तो जागच्या जागीं परत येतो. दहा वेळां कापावा आणि दहा वेळां आणावा.

ही सोय मोठी खरी. पण हानीचें भय गेलें कीं कापणाऱ्याचा हातहि हलका होतो, आणि मराठी बोलणाऱ्यांनीं या हलक्या हातापासून विशेष जपावें असें मला वाटतें. आपल्या भाषेंत नकार वाक्याच्या शेवटीं येतो. 'मीं तसें म्हटलें नाहीं' या वाक्यांतील शेवटचा शब्द उच्चारावयास सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो असें धरूं. सेकंदाला 15 इंच धांवणाऱ्या फितीवर तो शब्द पांच इंच भरे. पडद्यावर त्याचे 14,700 नमुने होतात, आणि दिसावयास तो एक लहानसा फुगवटा असतो. तेवढा उचलला कीं साक्षीदाराची साक्ष उलटते. फार तर एखाद्या चाणाक्ष कानाला 'म्हटलें'चा सूर अधांतरीं राहिलेला जाणवेल. एरव्हीं कापल्याची खूण उरत नाहीं. लाट जेथें मधल्या रेषेला छेदते त्या शून्यस्थानीं कापलें तर सांध्यावर 'टक्' असा आवाजहि होत नाहीं, आणि तें स्थान शोधण्यासाठीं ऑडॅसिटींत स्वतंत्र आज्ञाच दिलेली आहे. आरंभीं आवाज हळूहळू उमलविणारा फेड-इन, शेवटीं तो मावळविणारा फेड-आउट आणि दोन तुकडे एकमेकांत विरघळविणारा क्रॉसफेड, हीं सारीं सांधा झांकण्याचींच साधनें. सुतारानें सांधा झांकला तर त्याच्या हाताची तारीफ करावी. बोलण्याचा सांधा झांकला तर तारीफ करावी कीं नाहीं, हें त्या सांध्यांतून काय नाहींसें झालें यावर ठरतें.

यानंतरचीं हत्यारें आवाजाच्या जोराचीं. येथें एक विलक्षण गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते: डेसिबलच्या या मापांत शून्य हा तळ नसून छप्पर आहे. आवाज उणें सहा, उणें बारा असा नेहमीं शून्याखालींच राहावयाचा. गेन सहा डेसिबलनें वाढविला कीं लाटेची उंची जवळजवळ दुप्पट होते. लाटेचें डोकें छपराला लागलें कीं तिचे शेंडे सपाट छाटले जातात आणि आवाज फाटतो. याला क्लिपिंग म्हणतात, आणि मुद्रणाच्या वेळींच फाटलेला आवाज पुढें कोणत्याहि शिवणीनें पूर्ववत् होत नाहीं. नॉर्मलाइझ ही आज्ञा सर्वांत उंच लाट ठरलेल्या खुणेपर्यंत नेते आणि तिच्याबरोबर बाकीचें सारें त्याच प्रमाणांत वर उचलते. कॉम्प्रेसरचें काम निराळें. तो एका मर्यादेवरच्या मोठ्या आवाजांना दाबतो, म्हणजे मोठ्या-लहानांतील अंतर कमी होतें. नॉर्मलाइझ म्हणजे सबंध घर उंच जोत्यावर नेणें. कॉम्प्रेसर म्हणजे घरांतील उंच-बुटक्यांना एका मापाचे करणें. गजबजलेल्या रस्त्यांतून जातांना बातम्या ऐकणाऱ्याला कॉम्प्रेसरचा उपयोग होतो, यांत शंका नाहीं. पण आत्या ओवीच्या आरंभीं आवाज मोकळा सोडते आणि शेवटच्या चरणावर तो पोटांत घेते. तें पोटांत घेणें मला सपाट करावयाचें नव्हतें. म्हणून मीं नॉर्मलाइझ केलें आणि कॉम्प्रेसरला हात लावला नाहीं.

निःशब्दतेचीहि एक आज्ञा या साधनांत असते, आणि तीच मला सर्वांत बोधप्रद वाटली. पाणी पिण्यासाठीं आत्यानें जातें थांबविलें होतें, तेवढ्यांत कुकरची शिट्टी झाली होती. तो भाग निवडून 'सायलेन्स' म्हटलें कीं तेथील सारे आंकडे शून्य होतात. परंतु असें पूर्ण शून्य कानाला शांत वाटत नाहीं. क्षणभर घरच नाहींसें झाल्यासारखें वाटतें. कोणतीहि खोली कधीं निःशब्द नसते. भिंती, वारा, दूरचा रस्ता यांचा मिळून तिचा स्वतःचा एक आवाज असतो. चित्रपटांचे ध्वनिमुद्रक सर्वांना गप्प बसवून तो मुद्दाम मुद्रित करून घेतात आणि त्याला रूम टोन म्हणतात. मींहि शिट्टीच्या जागीं त्याच घराचा दुसरीकडचा रिकामा तुकडा बसविला. लांबलेल्या शांत जागा आपोआप आखडून घेणारीहि एक आज्ञा आहे. तिला मात्र मीं या कामांत थारा दिला नाहीं. आत्या मूठभर दाणे जात्याच्या तोंडांत टाकीत असतांना ओवी थांबते. त्या थांबण्यांतच पुढची ओवी तिला आठवत असते.

आतां त्या सोप्या दिसणाऱ्या शब्दाकडे वळूं. 'नॉइज रिडक्शन' म्हणजे गोंगाट कमी करणें. ही क्रिया दोन पायऱ्यांनीं होते. ज्या जागीं नुसता गोंगाट आहे अशी एखादी जागा प्रथम आपण निवडून द्यावयाची. त्या जागेंत कोणत्या उंचीचा स्वर किती जोराचा आहे, याची नोंद साधन करून घेतें. हिला नॉइज प्रोफाइल म्हणतात. मग सबंध मुद्रण त्याच्या हवालीं केलें कीं, ज्या ज्या स्वरपट्टींत आवाज त्या नोंदीच्या वर डोकें काढीत नाहीं, त्या त्या पट्टींत तें त्याला खालीं दाबतें. पंख्याची घूं घूं किंवा जुन्या फितीची खसखस असे एकसुरी आवाज या उपायानें उत्तम जातात. पण या सर्व क्रियेंत यंत्र स्वतः कांहींच ठरवीत नाहीं. तें निमूटपणें आपल्यालाच विचारतें, "गोंगाट कोणता, तें आपण सांगा." आणि आपण जें बोट दाखवूं, त्याला तें निःशंकपणें गोंगाट मानतें.

मीं दोन ओव्यांमधील दोन सेकंद निवडले. त्यांत घरघरीवांचून दुसरें कांहीं नव्हतें. परिणाम काय होतो तें कळावें म्हणून मूळ मुद्रणाच्या एका प्रतीवर 24 डेसिबलचा उतार दिला. जात्याची घरघर पंख्यासारखी एकसुरी नसते, ती फेऱ्यागणिक चढते-उतरते. म्हणून ती अगदीं निघून गेली नाहीं. तथापि शब्द एकाएकीं जवळ आले. नातीची मागणी पुरी व्हावी इतके ते स्पष्ट झाले. आवाजाच्या कडांना मात्र पाण्याखालून बोलल्यासारखी एक किणकिण आली होती. अति उतार दिला म्हणजे या पद्धतींत ती येतेच. मीं ती प्रत आत्याला ऐकविली. तिनें डोळे मिटून दोन ओव्या ऐकल्या.

"आवाज माझाच आहे," ती म्हणाली, "पण ही बाई दळत नाहीं. नुसती बसून गाते आहे." आणि थोड्या वेळानें म्हणाली, "रिकाम्या हातानं कोण गातं रे अशा ओव्या?"

त्याच आज्ञेच्या पोटांत 'रेसिड्यू' नांवाचा एक पर्याय असतो. तो निवडला म्हणजे साफ झालेला आवाज ऐकूं येण्याऐवजीं काढून टाकला जाणारा भागच ऐकूं येतो. संपादकानें आपला केर चाळून पाहावा, यासाठींच जणूं तो ठेवलेला आहे. मीं तो लावला. अपेक्षेप्रमाणें घरघर ऐकूं आली, आणि तिच्या तळाशीं अगदीं अस्पष्ट अशी आत्या ऐकूं आली. ओवी घेण्यापूर्वींचा तिचा श्वास तेथें होता. शेवटच्या अक्षरावर तिनें पोटांत घेतलेला सूर तेथें होता. 'स' आणि 'श' यांच्या बारीक कडा तेथें होत्या. हे सारे ध्वनि इतके मृदु कीं, घरघरीच्या नोंदीच्या वर त्यांना डोकें काढतां आलें नव्हतें. म्हणून यंत्रानें त्यांना जात्याबरोबरच बाहेर काढलें होतें.

तेव्हां गोंगाट हा आवाजाचा गुण नव्हे. तो ऐकणाऱ्यानें घेतलेला निर्णय आहे. पंख्याच्या बाबतींत हा निर्णय घेतांना कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. ओवीची गोष्ट वेगळी. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून एक लक्षाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ही एवढी संपत्ति बायांनीं पहांटे दगड फिरवितां फिरवितां रचलेली आहे. फेऱ्याच्या गतीनें चरणाची लांबी ठरली. दगडाच्या आवाजावरून पलीकडे जावयाचें, म्हणून स्वर उंचावला. गोंगाटांत बोलणारा मनुष्य नकळत आवाज चढवितो, हें एतिएन लोंबार या फ्रेंच वैद्यानें 1911 सालीं मांडलें, आणि आजहि त्या क्रियेस त्याचेंच नांव आहे. जातें काढून घेतलें तर हा चढलेला स्वर निराधार होतो. बाई विनाकारण मोठ्यानें बोलते आहे असें ऐकणाऱ्याला वाटतें. आत्यानें हें शास्त्र वाचलेलें नाहीं. पण दोन ओव्या ऐकतांच तिनें जें सांगितलें, तें याहून निराळें नव्हतें.

म्हणून नातीची मागणी गैर होती असें मात्र मी म्हणणार नाहीं. ओवी कळली नाहीं तर ती पुढें जाणार कशी? परक्या देशांत वाढणाऱ्या मुलीला घरघरींतून शब्द वेंचतां येणें कठीण, आणि नुसत्या घरघरीचा अभिमान बाळगून तिला ओवी येणार नाहीं. मीं उतार 24 वरून 6 डेसिबलवर आणला, म्हणजे घरघरीची लाट सुमारें निम्मी राहिली. पुन्हां रेसिड्यू लावून ऐकलें. आतां त्यांत आत्याचा श्वास ऐकूं येत नव्हता. ऑडॅसिटींत मुद्रणाखालीं नांवाच्या चिठ्ठ्या लावण्याची सोय असते. शिट्टी जेथून काढली तेथें मीं तशी चिठ्ठी लावली.

शेवटची आज्ञा 'एक्स्पोर्ट' ही. ती दिली कीं सारे ट्रॅक एकत्र वितळून एकच धारिका तयार होते, आणि ती ज्याच्या हातीं पडेल त्याला अन्डू करतां येत नाहीं; चिठ्ठ्याहि संपादकापाशींच राहतात. आपण काय काढलें तें आपण सांगितलें नाहीं, तर ऐकणाऱ्याला कधींहि कळावयाचें नाहीं. म्हणून मीं नातीला दोन धारिका पाठविल्या. पहिलीच्या नांवांतच लिहिलें कीं, घरघर निम्मी केली आहे आणि एक शिट्टी काढली आहे. दुसरी कावळ्यासकट आणि शिट्टीसकट जशीच्या तशी.

तिचें उत्तर आठ दिवसांनीं आलें. मुलीनें पहिलाच प्रश्न विचारला कीं, पणजी गातांना खालीं काय वाजतें आहे. आणि तिला जातें म्हणजे काय तें समजावून सांगण्यांत सबंध संध्याकाळ गेली. दोन ठिकाणचे शब्द मात्र लागत नाहींत, असें नातीनें पुढें लिहिलें होतें. मीं आत्याला ते विचारले. तिनें उजवा हात मांडीवर गोल फिरवीत दोन्ही ओव्या पुन्हां म्हटल्या, आणि मीं त्या कागदावर उतरून धाडून दिल्या.